आयडी काढण्याआधी

जेवण पोचवण्याच्या कामाला मुलाखत नसते. शिफारस लागत नाही, बारावीचे मार्क कुणी विचारत नाही. मोबाइलवर झोमॅटोचं किंवा स्विगीचं रायडरसाठी असलेलं वेगळं ॲप उतरवायचं, नंबर टाकायचा, ओटीपी आला की नाव-गाव भरायचं, कागदांचे फोटो चढवायचे, चेहऱ्याचा एक सेल्फी द्यायचा. कागद सरळ असले तर थोड्याच दिवसांत आयडी चालू होते. भडगाव तालुक्यातल्या ज्या मुलाने जातीच्या दाखल्यासाठी नाहीतर पीकविम्यासाठी तहसीलच्या चकरा मारल्या आहेत, त्याला हा सोपेपणा खरा वाटत नाही. गावाकडचे मित्र फोनवर विचारतात, ‘काय रे भो, आयडी निंघनी का?’ आणि ती खरंच निघालेली असते.

या प्रकरणात त्या सोपेपणाकडेच जरा संशयाने बघायचं आहे. जो तुम्हाला काही न विचारता आत घेतो, त्याने स्वतःची जोखीम कुठे ठेवली आहे, हे आपण त्याला विचारायला हवं. काम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. कापसाचा पैसा हातात आला आणि देणेकऱ्यांत संपला, पुढच्या पेरणीपर्यंत काही नाही, दारात मोटारसायकल मात्र उभी आहे, अशा घरातल्या मुलाला महिन्याच्या आत रोख मिळवून देणारी कामं आज फार नाहीत. त्यातलं हे एक. पण आयडी काढली म्हणजे नोकरी लागली, असं समजून जो घर सोडतो तो पहिल्याच पावसाळ्यात कंटाळून परत येतो. हा स्वतःच्या गाडीवर, स्वतःच्या पेट्रोलवर, स्वतःच्या जिवावर टाकलेला छोटा धंदा आहे. धंदा टाकताना आपले लोक जे प्रश्न विचारतात, तेच इथेही विचारायचे.

शहर कोणतं, झोन कोणता

ॲप शहर विचारतं तेव्हा त्याला तुमच्या गावाचं नाव नको असतं. तुम्ही कुठल्या शहरात, शहराच्या कुठल्या भागात गाडी फिरवणार, हे हवं असतं. त्या भागाला झोन म्हणतात. आयडी त्या झोनला बांधलेली असते आणि ऑर्डरीही तिथल्याच पडतात. नंतर शहर बदलायचं तर विनंती टाकावी लागते, ती मंजूर होईपर्यंत बसून राहावं लागतं. म्हणून यादीत गावाचं नाव दिसलं की घाईने बोट ठेवू नये.

हा धंदा माणसांच्या दाटीवर चालतो. स्विगी २०१४ मध्ये सुरू झाली ती बंगळुरूच्या कोरमंगलासारख्या हॉटेलं आणि भाड्याच्या खोल्या खच्चून भरलेल्या वस्तीत. झोमॅटो त्याहून जुनी. २००८ मध्ये ती ‘फूडीबे’ या नावाने निव्वळ हॉटेलांची मेनूकार्डं दाखवायची आणि घरपोच जेवण तिने २०१५ मध्ये सुरू केलं. हॉटेलाकडून कमिशन, ग्राहकाकडून डिलिव्हरी फी आणि प्लॅटफॉर्म फी, या तीन वाटांनी कंपनीकडे पैसा येतो. त्यातून रायडरचं भागायचं तर एका ऑर्डरनंतर दुसरी लगेच, आणि जवळच, पडली पाहिजे. रिकामी गाडी जितकी कमी फिरेल तितकं सगळ्यांचं बरं.

आता भडगाव बघा. बसस्टँडपासून गिरणेच्या काठापर्यंत गाव केवढं? हॉटेलवाल्याला फोन केला की त्याचाच पोरगा शेवभाजी आणि रोट्या घेऊन दारात येतो. त्याला झोन लागत नाही, नकाशा लागत नाही, ‘अमक्यांच्या वाड्याच्या मागे’ एवढा पत्ता पुरतो. मधल्या ॲपने तिथे काय भर घालायची? तालुक्याच्या गावात हा धंदा सुरू झाला तरी दिवसाला पोटापुरत्या ऑर्डरी पडतील का, हे आधी स्वतः मोजून पाहावं. संध्याकाळी सात ते दहा या वेळात गावातल्या मोठ्या दोन-तीन हॉटेलांसमोर उभं राहिलं, पार्सल किती जातात ते पाहिलं, की उत्तर मिळतं.

म्हणून भडगावच्या मुलाचा खरा प्रश्न असतो तो बाहेर कुठे जायचं हा. राष्ट्रीय महामार्ग ७५३-जे पाचोऱ्यावरून जळगावला जातो, अंतर साठेक किलोमीटर. दुसऱ्या दिशेला तोच रस्ता चाळीसगावहून मनमाडकडे नेतो. पाचोऱ्याला किंवा चाळीसगावला महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली की पुणे. गावातली बहुतेक पोरं याच गाडीने गेलेली असतात, त्यामुळे पुण्याचा ओढा मोठा. पुण्यात ऑर्डरी जास्त, हे खरं. पण कॉट बेसिसवर खोली, मेस, गाडी नेण्याचा खर्च, अनोळखी रस्ते आणि सोसायटीच्या गेटवर वॉचमनशी हुज्जत, हे सगळं पहिल्या दिवसापासून अंगावर येतं. माझं मत विचाराल तर पहिले दोन महिने जळगावला काढावेत. मामाच्या किंवा आत्याच्या घरी राहायची सोय बहुतेकांची असते, चुका स्वस्तात होतात, आणि नाही जमलं तर शेवटच्या एसटीने घरी येता येतं.

कुठेही गेलात तरी दिवसाचे दोनच तुकडे कमाईचे असतात: दुपारी साधारण बारा ते तीन आणि रात्री सात ते अकरा. मधला वेळ कुठल्या झाडाखाली, कुठल्या हॉटेलच्या कडेला काढायचा, हे अनुभवी रायडर पक्कं ठरवून असतात. नव्या मुलाला तेच ठाऊक नसतं.

कागद: त्यातला एक सगळ्यांत महत्त्वाचा

आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक यांवर फार वेळ घालवायला नको. तिन्हीकडे नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच हवं, नाहीतर पडताळणीत अर्ज अडकतो. खातं स्वतःच्या नावाचं हवं, आईच्या किंवा भावाच्या चालत नाही. पॅन आधारशी जोडलेलं हवं. वर्षभरात तुमच्याकडे लाखाच्या वर रक्कम गेली की कंत्राटी कामाच्या नियमाने एक टक्का कर कापला जातो. पॅन नसेल किंवा बंद पडलेलं असेल तर हाच दर वीस टक्क्यांवर जातो. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून कापलेले पैसे परत मिळतात. बरीच मुलं ते भरतच नाहीत आणि स्वतःचेच पैसे सोडून देतात.

लायसन्सचं मात्र नीट समजून घ्यावं. गियरच्या गाडीसाठी वय १८ पूर्ण हवं. लर्निंग लायसन्स आधारच्या ओटीपीवर घरबसल्या निघतं. केंद्राच्या नियमांप्रमाणे एका वर्गासाठी १५० रुपये आणि चाचणीचे ५०. ते सहा महिने चालतं, पण निघाल्यावर ३० दिवस होईपर्यंत पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. त्या चाचणीचे ३०० आणि लायसन्सचे २०० रुपये. वर पोस्टाचा वगैरे किरकोळ आकार धरला तरी एजंट जो आकडा सांगतो तो याच्या कितीतरी पुढचा असतो. डिलिव्हरीचं काम पक्क्या लायसन्सवरच धरावं, म्हणजे ज्याच्याकडे ते नाही त्याने महिना-सव्वा महिना आधी तयारीला लागावं. लायसन्सशिवाय सापडलं तर दंड ५,००० रुपये. विमा नसेल तर पहिल्या वेळी २,०००. एका दंडात आठवड्याची बचत जाते.

लायसन्स नसलेल्यांना कायदेशीर वाट आहे ती सायकलची किंवा कमी वेगाच्या विजेच्या दुचाकीची. मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर त्या गाडीला नोंदणीही लागत नाही आणि लायसन्सही. आयडी काढताना वाहनाच्या रकान्यात तसं निवडता येतं. अशांना ऑर्डरी जवळच्या मिळतात, कमाई कमी होते, पण पेट्रोलचा खर्च जातो.

आता तो महत्त्वाचा कागद: गाडीचा विमा. आरसी बुक बहुतेकांच्या घरी वडिलांच्या नावावर असतं. गाडी घरच्या कामाला म्हणून घेतलेली, पाटी पांढरी. तुमची पॉलिसी काढा आणि ‘वापराच्या मर्यादा’ असा जो बारीक अक्षरातला भाग असतो तो वाचा. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर आणि मालाची वाहतूक वगळलेली असते. स्वतःचं सामान चालतं, दुसऱ्याच्या बिर्याणीची पिशवी चालते का, यावर अपघातानंतर विमा कंपनी वाद घालू शकते. हा वाद अपघातानंतर घालण्यापेक्षा आधीच विमा कंपनीला लेखी विचारावं आणि लागलं तर थोडा जास्त हप्ता भरून पॉलिसी दुरुस्त करून घ्यावी.

दुसरी गोष्ट तर घरोघर चुकते. गाडीच्या विम्यासोबत १५ लाखांचं जे सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेलं असतं ते गाडीच्या मालकासाठी असतं, तेही त्याच्याकडे लायसन्स असेल तर. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, म्हणजे मुलाच्या जिवाला त्या १५ लाखांतून काही मिळत नाही. गाडी मुलाच्या नावावर करून घ्या, नाहीतर मुलाच्या नावाने वेगळा अपघात विमा काढा. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २ लाखांची आहे. ती पुरेशी नाही, पण नसण्यापेक्षा बरी आणि ती न घेण्याला कारणच नाही. कंपन्यांकडूनही रायडरला अपघात विमा असतो. त्यात फक्त एवढं पाहायचं की तो लॉगिन असताना लागू आहे की ऑर्डर हातात असतानाच, आणि घरी परततानाचं काय. उत्तर ॲपच्या मदत विभागात लिहिलेलं असतं, ते वाचून त्याचा फोटो घरी पाठवून ठेवावा. दावा करायची वेळ येईल तेव्हा तो तुम्ही करणार नसता, घरचे करणार असतात.

रस्त्यावरच्या अपघातातल्या उपचारांसाठी ५ मे २०२५ पासून केंद्राची योजना लागू आहे. नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात. ११२ ला फोन करावा आणि अपघाताची पोलिसांत नोंद झाली पाहिजे. हे सोबत राहणाऱ्या मित्रालाही सांगून ठेवा.

पैसा येतो कसा, जातो कसा

कागद मंजूर झाले की जॉइनिंग फी येते. पिशवी आणि टी-शर्ट यांचे ते पैसे. काही वेळा आधी भरायचे, काही वेळा पहिल्या कमाईतून हप्त्याने कापले जातात. मग ॲपवर थोडे शिकवणीचे व्हिडिओ आणि प्रश्न. त्यानंतर लॉगिन मारलं की काम सुरू.

एक ऑर्डर म्हणजे दोन फेऱ्या: तुम्ही आहात तिथून हॉटेल, हॉटेलपासून ग्राहक. पैसे अंतरावर, थांबण्याच्या वेळेवर, पावसावर आणि गर्दीच्या वेळेवर ठरतात. तिसरी फेरी मात्र हिशेबात क्वचितच धरली जाते. शहराच्या टोकाला ऑर्डर देऊन झोनमध्ये परत येताना जे पेट्रोल जळतं ते तुमचं. म्हणून कमाई ऑर्डरींवर मोजू नये, ओडोमीटरवर मोजावी. समजा दिवसात १०० किलोमीटर झाले. गाडी शहरात ४५ चं ॲव्हरेज देते आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं, तर २३० ते २३५ रुपये पेट्रोलमध्ये गेले. महिन्याला २६ दिवस काम केलं तर गाडी २,६०० किलोमीटर पळते. गावाकडे शेत-घर-बाजार करून एवढं अंतर तोडायला तिला कितीतरी महिने लागले असते. ऑइल, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक-शू, टायर हे सगळं त्याच पटीने लवकर येणार. गाडी फायनान्सवर असेल तर हप्ता वेगळा. दिवसाच्या कमाईतून पेट्रोल वजा केल्यावर जे उरतं त्यातला एक ठरावीक भाग गाडीसाठी बाजूला काढल्याशिवाय खिशातल्या पैशाला कमाई म्हणू नये. पहिल्या चार महिन्यांत कमाई चांगली वाटते, कारण त्या काळात आपण गाडी खात असतो.

इन्सेंटिव्ह हा सगळ्यांत फसवा भाग आहे. ठरलेल्या ऑर्डरी पूर्ण केल्या तर वर रक्कम. ती पायरी शेवटच्या दोन-तीन ऑर्डरींवर अडते आणि तिथेच पोरं रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर राहतात, सिग्नल तोडतात. मी तर म्हणतो, इन्सेंटिव्ह मिळालं तर बोनस समजावं, घरभाडं त्याच्यावर बेतू नये. दर आणि पायऱ्या ठरवणं कंपनीच्या हातात आहे आणि ते बदलतात. २५ आणि ३१ डिसेंबर २०२५ ला देशभरातल्या रायडरांनी जो संप केला त्यात पडलेले दर आणि दहा मिनिटांत माल पोचवण्याची सक्ती हेच मुद्दे होते. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगार मंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणी केली आणि ब्लिंकिटने आपल्या जाहिरातीतून दहा मिनिटांचा दावा काढला.

रोखीच्या ऑर्डरीत आणखी एक खड्डा आहे. ग्राहकाने दिलेले पैसे तुमच्या खिशात येतात पण ते कंपनीचे असतात. ठरलेल्या मर्यादेपर्यंत ते तुमच्याकडे राहतात, पुढे भरणा केल्याशिवाय ऑर्डर पडत नाही. नवा मुलगा त्यातून पेट्रोल टाकतो, मेसचे पैसे देतो आणि आठवड्याचा पेआउट आला की आकडा बघून चक्रावतो. रोखीचे पैसे वेगळ्या खिशात ठेवावेत, त्याच रात्री भरावेत.

रेटिंगचंही असंच. शेवभाजीची तर्री पिशवीत सांडली तर चूक पॅकिंग करणाऱ्याची, पण ग्राहकासमोर उभा असतो रायडर. खान्देशी रस्सा हा या धंद्याचा खरा शत्रू आहे, असं म्हटलं तरी चालेल. भरीत-पुरी आनंदाने प्रवास करते, वरणबट्टीतलं वरण करत नाही. पार्सल हातात घेताना खालून हात लावून बघावा, ओलं लागलं तर तिथेच बदलून मागावं आणि हॉटेलने नकार दिला तर ॲपवर लगेच फोटो टाकावा. ग्राहकाच्या दारात सांगितलेलं कारण कुणी ऐकत नाही.

आणि जो मित्र ‘आयडी काढ, माझ्या रेफरलने काढ’ म्हणतो, त्याला तुम्ही ठरावीक ऑर्डरी पूर्ण केल्या की रेफरलचे पैसे मिळतात. तो खोटं बोलतो असं नाही. पण त्याने सांगितलेल्या कमाईतून त्याचं पेट्रोल वजा झालं आहे का, एवढं विचारावं.

आपल्याकडे जेवण पोचवणारे आधीही होते

जेवणाचा डबा पोचवण्याचं काम महाराष्ट्राला नवं नाही. मुंबईत १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसं घेऊन डबे पोचवणं सुरू केलं. मावळ, खेड, जुन्नर, मुळशीकडची ही माणसं. १९५६ मध्ये त्यांची ‘नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट’ ही संस्था नोंदली गेली. करोनाच्या आधी सुमारे पाच हजार डबेवाले होते.

त्यांच्यात सामील होण्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. नव्या माणसाने भांडवल आणायचं: दोन सायकली, डबे ठेवायची लाकडी पेटी, पांढरा सदरा-लेंगा आणि टोपी. ओळखीचा, बहुधा गावाकडचा, माणूस त्याच्यासाठी शब्द टाकतो. मग तो एका गटात जातो, गटाला मुकादम असतो, महिन्याची कमाई गटात वाटली जाते. आजारी पडला तर त्याचे डबे दुसरा उचलतो.

म्हणजे भांडवल तिथेही कामगारानेच घालायचं आणि इथेही. सायकलीच्या जागी पाऊण लाखाच्या वरची मोटारसायकल आली, एवढंच. पण डबेवाल्याला त्या भांडवलाच्या बदल्यात गटात हिस्सा मिळायचा, दर ठरवताना तोंड उघडता यायचं आणि त्याला काढायचं तर समोर बसवून काढावं लागायचं. ॲपवरच्या रायडरला भांडवल घालूनही हिस्सा मिळत नाही. करारात तो स्वतंत्र कंत्राटदार असतो, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, रजा, ग्रॅच्युइटी काही नाही. आयडी ब्लॉक झाली तर भांडायला समोर माणूस नसतो, चॅटवर ठरावीक उत्तरं येतात. आत येणं सोपं आहे कारण बाहेर काढणंही तितकंच सोपं ठेवलेलं आहे.

यावर उपाय काय, हेही महाराष्ट्राने एकदा शोधून काढलं होतं. बाजार समितीतल्या हमालाचा मालक कोण? आज एका अडत्याचं पोतं, उद्या दुसऱ्याचं. मालकच ठरत नाही म्हणून कामगार कायद्याचं संरक्षणही नाही, ही जुनी अडचण होती. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव यांच्या चळवळींनी हा प्रश्न लावून धरला आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. त्यात कामगार, मालक आणि सरकार यांचं मंडळ. हमालाची नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवर टक्केवारीने लेव्ही भरायची ती माल उतरवून घेणाऱ्याने. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. मालक एक नसला तरी चालेल, प्रत्येक पोत्यामागे हमालाच्या म्हातारपणाचा वाटा निघाला पाहिजे, हा त्यातला विचार. पाचोरा-भडगाव बाजार समितीच्या आवारात ज्यांनी हमाली पाहिली आहे त्यांना पोत्याच्या जागी पार्सल ठेवून बघायला अवघड नाही.

राजस्थानने २०२३ मध्ये ॲपवरच्या कामगारांसाठी कायदा केला तो याच वाटेने जाणारा आहे: कामगारांची नोंदणी, कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारामागे शुल्क. कर्नाटकाने २०२५ मध्ये कायदा केला. स्पेनने २०२१ मध्ये वेगळी वाट धरली आणि जेवण पोचवणाऱ्या रायडरला थेट कंपनीचा नोकर मानलं. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात असं काम करणारे ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे.

किरायाची आयडी आणि खोटी भरती

हे थोडक्यात. कुणी ‘डिलिव्हरी बॉय पाहिजे, पगार एवढा, रजिस्ट्रेशनचे पैसे या नंबरवर टाका’ असा व्हॉट्सॲप मेसेज पाठवला तर तो खोटा समजावा. फी असेल ती ॲपच्या आतच भरायची असते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा, जितका उशीर तितकी परत मिळण्याची शक्यता कमी.

दुसऱ्याची आयडी किरायाने चालवणंही सर्रास चालतं. वय कमी असतं, लायसन्स नसतं किंवा स्वतःची आयडी ब्लॉक झालेली असते म्हणून पोरं हा मार्ग धरतात. अपघात झाला तर विमा आयडीवाल्याच्या नावाचा, गाडीवर पडलेला मुलगा कंपनीच्या नोंदीत अस्तित्वातच नाही. आणि ज्याने आयडी किरायाने दिली तो भांडणात, चोरीच्या तक्रारीत सगळ्यांत आधी पोलीस ठाण्यात बोलावला जातो. दोन्ही बाजूंनी हा तोट्याचा सौदा आहे.

नोंद कुठे करायची

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता संसदेने २०२० मध्ये मंजूर केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ॲपवरच्या कामगारांचा उल्लेख करणारा हा पहिला केंद्रीय कायदा. त्याप्रमाणे कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत भरायची आहे. कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्के ही तिची वरची मर्यादा. या निधीचा लाभ घ्यायचा तर आधारवर नोंदणी हवी. ती ई-श्रम पोर्टलवर होते. हे पोर्टल ऑगस्ट २०२१ पासून चालू आहे, नोंदणीला पैसे लागत नाहीत आणि भडगावच्या कोणत्याही सेतू किंवा सीएससी केंद्रात ती करून मिळते. गाव सोडण्याआधीच उरकून टाकावी.

डिसेंबर २०२५ च्या मसुदा नियमांत आणखी एक अट आहे. आर्थिक वर्षात एका कंपनीकडे किमान ९० दिवस, किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम झालेलं असलं पाहिजे. हे दिवस मोजणारी नोंद कंपनीच्या ॲपमध्ये असते, आणि आयडी ब्लॉक झाल्यावर ते ॲप तुमच्यासाठी उघडेलच असं नाही. म्हणून दर आठवड्याला पेआउट आला की त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, तारखांसह घरच्या कुणाच्या तरी मोबाइलवर पाठवा, आणि बँकेच्या पासबुकात त्या रकमेची नोंद छापून घ्या.